मशीन महागाचे, पण धुरळा कोणाच्या छातीत?

कळंब्यात आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचे एक शेड आहे. पुढे सुतारकाम चालते आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. घरात कर्ता मुलगा, त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन वर्षांची लेक. पोरगा कष्टाळू. कपाट, देव्हारा, किचन ट्रॉली, जे सांगाल ते बनवून देतो. गेल्या दिवाळीआधी त्याने बायकोच्या बचत गटातून वीस हजारांचे कर्ज काढले आणि पुण्याच्या एका ठेकेदाराकडून वापरलेले एक परदेशी सँडर घेतले. सँडर म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारे मशीन. नवे घ्यायचे तर किंमत ऐकूनच घाम फुटतो. मशीन खरोखर चांगले. हात थरथरत नाही, काम निम्म्या वेळात होते आणि पॉलिश आरशासारखे उतरते.

महिन्याभराने तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, मशीन घेतलं खरं, पण आता धुरळा दुप्पट उडतोय. पोरगी रात्रभर खोकत्या. डॉक्टर म्हणाले, घरात धूळ असते का? आता काय सांगू त्यांना?"

मी शेडमध्ये जाऊन पाहिले. पाण्याच्या माठावरच्या झाकणावर धूळ. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ. मावशी दिवसातून चार वेळा केरसुणी फिरवत होत्या. झाडताना खाली बसलेली धूळ पुन्हा उठत होती आणि त्यांच्याच नाकात जात होती. वाचकहो, मशीन घरातल्या एकाने चालवले तरी धुरळा चौघांच्या छातीत जातो. म्हणून हा लेख फक्त सुतारांसाठी नाही, त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

भुसा वेगळा, धुरळा वेगळा

करवतीचा भुसा जाड असतो. तो खाली पडतो आणि दिसतो. सँडरमधून निघते ती पिठासारखी बारीक बुकणी. तिच्यातले सर्वांत सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण तासन् तास हवेत तरंगतात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाची चाळण ओलांडून आत जातात आणि त्याहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

याचा परिणाम काय होतो हे जगाला एका सुतारांच्या गावाने शिकवले. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो. त्यांनी इतर डॉक्टरांबरोबर अभ्यास केला आणि तो १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून पहिल्या गटात घातली. प्लाय आणि एमडीएफच्या डिंकात असणारे फॉर्मल्डिहाइडही २००४ साली त्याच गटात गेले.

हे वाचून कोणी घाबरून धंदा सोडू नये. हा कर्करोग दुर्मीळच आहे आणि तो वर्षानुवर्षे धुळीत काम केल्यावर होतो. रोजचा त्रास वेगळा आहे. दमा, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, आणि शिसम किंवा सागवानाने अंगाला उठणारी खाज. हा त्रास मात्र आजचा आहे, आणि तो टाळता येतो.

कायदा दाराबाहेर थांबतो

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ मध्ये फार शहाणपणाची गोष्ट लिहिलेली होती. धूळ जिथे निघते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्या आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा, असे ते कलम सांगे. पण कारखाना कोणाला म्हणायचे? मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार लागत. २०२० च्या संहितेत हा आकडा वीसवर नेला आहे. आपल्या गल्लीबोळातल्या शेडमध्ये काम करणारे दोघे नाही तर तिघे. तिथे कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून कायद्यातले शहाणपण आपणच आपल्या शेडमध्ये लागू करायचे.

पहिला प्रयत्न फसला

या मशीनला जोडायचे कंपनीचे धूळ ओढणारे यंत्र अर्ध्या लाखाच्या पुढे होते. नुसती नळीसुद्धा काही हजारांची. पोरगा म्हणाला, "मशीनपेक्षा त्याचा बारदानाच महाग!"

मग त्याने एक साधा व्हॅक्यूम क्लीनर घेतला, ओले आणि सुके दोन्ही ओढणारा. त्याची नळी सँडरच्या तोंडाला चिकटपट्टीने गुंडाळली. अर्धा तास छान चालले. मग आतला फिल्टर बुकणीने बुजला, ओढ संपली, मोटर तापली आणि चिकटपट्टी सुटली. धुरळा पुन्हा होता तिथेच. चूक व्हॅक्यूमची नव्हती. बारीक बुकणी थेट फिल्टरवर सोडली की कुठलाही फिल्टर बुजणारच.

मोठ्या गिरण्यांच्या आणि लाकूड कारखान्यांच्या छपरावर पत्र्याचे उलटे शंकू तुम्ही पाहिले असतील. त्याला सायक्लोन म्हणतात. हवा त्यात बाजूने शिरते आणि भोवऱ्यासारखी फिरते. जड धूळ कडेला फेकली जाऊन खाली पडते आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. त्यात हलणारा एकही भाग नाही, की बुजणारी चाळण नाही. याच तत्त्वाचा वीतभर उंचीचा प्लॅस्टिकचा सायक्लोन आता हजाराच्या आत मिळतो. तो रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या बादलीच्या झाकणावर बसवायचा. सँडरची नळी सायक्लोनला जोडायची आणि सायक्लोनची वरची नळी व्हॅक्यूमला. बहुतेक सगळी धूळ बादलीत पडते आणि फिल्टरपर्यंत थोडीच पोचते.

उरला प्रश्न नळीच्या तोंडाचा. सँडरचे तोंड एका मापाचे, व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या मापाची. यासाठी परदेशातून भाग मागवायची गरज नाही. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगर आहे! तिथल्या एका लेथवाल्याला दोन्ही तोंडे दाखवली. त्याने नायलॉनच्या तुकड्यातून एक कडे कातून दिले. एक बाजू सँडरवर घट्ट बसते, दुसरी नळीत.

खर्चाचा हिशेब

मी कारकून माणूस. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच्या वहीतले आकडे असे :

व्हॅक्यूम क्लीनर ५,२०० रुपये. सायक्लोन ९५०. रंगाची बादली १२०. तीन मीटर लवचिक नळी ७००. लेथवर कातलेले कडे ३००. क्लॅम्प, रबर आणि फोमपट्टी १३०. व्हॅक्यूमचा बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर ८००. एकूण ८,२०० रुपये.

आता दुसरी बाजू. धूळ जागीच ओढली गेली की पॉलिश पेपर बुजत नाही आणि जास्त वेळ चालतो. पूर्वी त्याला भरल्या कामाच्या दिवशी दहा पेपर लागत, आता सहा पुरतात. पंधरा रुपयांच्या पेपरमागे रोज साठ रुपये वाचले. ८,२०० भागिले ६० म्हणजे सुमारे १३७ दिवस. पाच-सहा महिन्यांत खर्च वसूल होतो. डॉक्टरची फी आणि औषधे मी यात धरलेलीच नाहीत.

जोडणी करताना हे सांभाळा

पेपरची छिद्रे मशीनच्या तळव्याच्या छिद्रांवर बरोबर आली पाहिजेत. महागड्या मशीनच्या तळव्याला छिद्रे जास्त असतात आणि बाजारातल्या स्वस्त पेपरला साधारण आठच. छिद्रे झाकली गेली की ओढ मेली. आमच्या सुताराने प्लायचा साचा केला आणि पितळी नळीच्या तुकड्याला धार लावून पेपरला छिद्रे पाडायला सुरुवात केली. जाळीचा पेपरही मिळतो. तो महाग पडतो, पण त्यातून सगळीकडून धूळ ओढली जाते.

बादलीचे झाकण हवाबंद हवे. जरा फट राहिली तरी सायक्लोन काम करत नाही. फोमपट्टी त्यासाठीच. बादली जाड घ्या. नळी तुंबली तर पातळ बादली ओढीने आत चेपते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा.

सँडर ३५० वॅटचे आणि व्हॅक्यूम १,२०० वॅटचा. दोन्ही मिळून जवळजवळ सात अँपिअर वीज ओढतात. दोन्ही एकाच छोट्या सॉकेटवर लावू नका. मोठे, १६ अँपिअरचे सॉकेट वापरा आणि अर्थिंग तपासून घ्या. प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ पळताना स्थिर वीज तयार होते आणि हाताला झटका बसतो. नळीवरून तांब्याची बारीक तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली की तो त्रास कमी होतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

थिनर, पॉलिश आणि विडी-काडी यांना धुळीच्या बादलीपासून लांब ठेवा. बुकणी पेट घेते. तेलाची चिंधी त्या बादलीत कधीच टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते.

मास्क शेवटी, पण हवाच

धूळ ओढून घेतली म्हणजे मास्क नको, असे नाही. थोडी धूळ निसटतेच. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ किंवा आयएस ९४७३ छाप असलेला एफएफपी-२ मास्क नाकावर घट्ट बसवून वापरा. बादली रिकामी करताना तर तो हवाच. कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकू नका. शेड कोरडे झाडू नका, व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे शेडमध्येच उतरवा, मग लेकराला उचलून घ्या. प्लायचा आणि एमडीएफचा भुसा चुलीत घालू नका, कोंबड्यांखालीही पसरू नका.

एक इशारा खास आयांसाठी. जुन्या घरांच्या दारांवरचा रंग घासताना फार जपा. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असे काम घरात, मुलांसमोर करू नये.

बांधकामावर जाऊन चौकटी आणि दारे बसवणाऱ्या सुतारांनी आणखी एक करावे. वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. खोकला किंवा नाकातून रक्त बरेच दिवस राहिले तर सीपीआरमध्ये नाक-कान-घसा विभागात दाखवावे आणि आपला धंदा काय आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बॅटरीची परीक्षा

सगळी जोडणी झाली त्या रात्री आम्ही एक परीक्षा घेतली. दिवे बंद केले, सँडर चालू केले आणि बॅटरीचा झोत आडवा धरला. अंधारात झोतात न दिसणारी धूळ दिसू लागते. आधी नळी काढून पाहिले. झोतात धुक्यासारखा लोट. मग नळी जोडली. अगदी स्वच्छ नाही, पण तुरळक कण. मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं सगळं आमच्या नाकात जात होतं होय रे?"

पोरीचा खोकला आता कमी आहे. तो या बादलीनेच गेला असे मी म्हणणार नाही. थंडीही सरली आणि औषधही चालू होते. पण माठावर आता धूळ बसत नाही, हे मी रोज पाहतो.

तुमच्या गल्लीत दोन-तीन सुतार असतील तर त्यांना एकत्र बसवा. एकाला ८,२०० जड वाटतील, तर जोडणी तिघांत मिळून करा. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये जाणारी मुले गल्लीत असतील तर त्यांना हाताशी घ्या. आणि खर्चाचे जुळेपर्यंत आज रात्री एवढे तरी करा. शेडमधले दिवे घालवा, मशीन चालू करा आणि बॅटरीच्या झोतात आपण सगळे काय श्वासात घेतो आहोत ते घरच्या सर्वांना दाखवा.