साडेनऊच्या मुदतीचे मानसशास्त्र

बँक, सरकारी कार्यालय किंवा वीज कंपनी यांच्या नावाने बनावट ईमेल अथवा एसएमएस पाठवून माणसाकडून गोपनीय माहिती वा पैसे काढून घेण्याच्या प्रकाराला फिशिंग म्हणतात. त्यात तांत्रिक कौशल्यापेक्षा मानवी स्वभावाची जाण अधिक कामाला येते.

२०२२ च्या सुमारास महाराष्ट्रभर फिरलेला संदेश याची साक्ष देतो. मागील महिन्याच्या बिलाची नोंद न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी बोला, असे सांगून त्यात एक खासगी मोबाइल क्रमांक दिलेला असे. विरारमधील बोळिंजसारख्या महावितरणच्या ग्राहकवस्तीत त्या घटकेला वीज कार्यालयाचा भरणा कक्ष बंद झालेला असतो, आणि त्यामुळे खातरजमेची वाट आपोआप खुंटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ च्या ग्रंथात मन वळवण्याची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी अधिकाराचा प्रभाव, म्हणजे अधिकाऱ्याचे नाव ऐकताच शंका गिळण्याची वृत्ती, येथे वापरला जातो. फोन केल्यावर केवळ दहा रुपये भरण्यास सांगणे हे बांधिलकीचे तत्त्व होय, कारण एकदा लहानशी गोष्ट मान्य केलेला माणूस पुढची मोठी मागणी नाकारताना अडखळतो आणि मोबाइलचा ताबा परक्या हाती देणारे ॲपही उतरवून घेतो.

चाल्डिनींचेच दुर्मिळतेचे तत्त्व, म्हणजे मोजकी असलेली गोष्ट हुकण्याची भीती, घरांच्या बाबतीत दिसते. बोळिंजमध्ये म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची मोठी वसाहत असल्याने घरांच्या सोडतीचे महत्त्व तेथे वेगळे सांगावे लागत नाही. २०२४ मध्ये म्हाडाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडकीस आली, तेव्हा हातचे घर निसटण्याची धास्तीच भामट्यांच्या कामी येत होती.

या साऱ्या युक्त्या माणसाचा विचार करण्याचा अवधी हिरावतात. म्हणून तो अवधी परत मिळवणे हाच खरा बचाव आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक असते, एवढे ठाऊक असले तरी साडेनऊची धमकी पोकळ ठरते. संदेशातल्या क्रमांकाऐवजी बिलावर छापलेल्या क्रमांकावर चौकशी करावी. वेळेवर बिल भरणाऱ्या, अधिकाऱ्याचा मान राखणाऱ्या माणसाच्या चांगल्या सवयींवरच हा घाला असल्याने फसलेल्याने लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता वाढते.