मिसिसिपीकाठचे हॅनिबल

कुंपणाला सफेती फासणे हे काम नसून एक दुर्मीळ मौज आहे, असे एका पोराने आपल्या सोबत्यांना पटवले आणि वर त्यांच्याकडूनच मोबदला उकळला. ही गोष्ट ठाऊक नाही असा वाचक विरळा. पण ज्या गावात ती घडली असे मानतात, ते गाव अमेरिकेच्या नकाशावर खरोखरच आहे, तिथे टपालकचेरी आहे, नळाला पाणी येते आणि लोक सकाळी उठून कामावर जातात, याची मला तरी पुष्कळ दिवस कल्पना नव्हती. कादंबरीतले सेंट पीटर्सबर्ग म्हणजे मिसूरी राज्यातले हॅनिबल. सेंट लुईस शहरापासून वायव्येला सुमारे १०० मैल. वस्ती १७ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ज्याला तालुक्याचे गाव म्हणतानाही आपण जरा विचार करू, एवढे.

सेंट लुईसला माझा भाचा असतो. "मामा, तिथे दुपारभरात पाहून होईल, रात्री जेवायला घरी येऊ," असे म्हणून त्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्हां उभयतांना मोटारीत घातले. त्याचा हिशेब चुकला. आम्हांला तिथे मुक्काम करावा लागला, आणि त्याला कारण मीच.

हे गाव १८१९ साली मोझेस बेट्स नावाच्या गृहस्थाने वसवले. मिसिसिपीच्या पश्चिम तीरावर, दोन टेकड्यांच्या मध्ये. समोरच्या तीरावर इलिनॉय राज्य. आगबोटींच्या जमान्यात गावाला बरकत आली. १८४६ साली इथल्या एका न्यायाधीशाच्या कचेरीत चार मंडळी जमली आणि मिसूरी राज्य आडवे ओलांडणारा लोहमार्ग टाकण्याचा त्यांनी घाट घातला. १८५९ साली तो पुरा झाला. मग उत्तरेकडच्या जंगलांतून ओंडक्यांचे तराफे नदीने इथे येऊ लागले, लाकडाचे व्यापारी गबर झाले आणि त्यांनी टेकड्यांवर वाडे बांधले. त्यांतला रॉकक्लिफ नावाचा वाडा आजही पाहायला मिळतो. पुढे जोड्यांचे कारखाने आले. सिमेंटही आले, पनामा कालव्याला लागलेल्या सिमेंटपैकी काही इथले होते, हे तिथला माणूस तुम्हांला सांगितल्याशिवाय सोडत नाही. टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेली ती धीट मॉली ब्राऊन, तीही १८६७ साली इथेच जन्मली. तिचेही घर जपले आहे.

पण हे सारे तोंडीलावणे. ज्याच्या कचेरीत ती रेल्वेची बैठक भरली, त्या जॉन क्लेमेन्सचा मुलगा सॅम्युएल, म्हणजेच मार्क ट्वेन, हे या गावाचे मुख्य अन्न.

सॅम चार वर्षांचा असताना १८३९ साली क्लेमेन्स कुटुंब इथे आले. हिल स्ट्रीटवरचे त्यांचे दुमजली पांढरे लाकडी घर १९१२ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. खोल्या इतक्या लहान, की सौ. म्हणाली, "यापेक्षा आपल्या गिरगावातल्या खोल्या मोठ्या होत्या!" घराशेजारी ते सुप्रसिद्ध कुंपण. पलीकडे ज्या लॉरा हॉकिन्सवरून त्याने बेकी थॅचर रंगवली, तिचे घर. कार्डिफ टेकडीच्या पायथ्याशी टॉम आणि हक यांचा पुतळा, १९२६ सालचा. माणसे पुतळे उभारतात ते राजांचे आणि सेनापतींचे; इथे जन्मालाच न आलेल्या दोन वांड पोरांचा उभारला आहे. टेकडीवर एक दीपस्तंभ आहे, पण त्याने कधी एकाही बोटीला वाट दाखवलेली नाही. ट्वेनच्या जन्मशताब्दीला, १९३५ साली, तो निव्वळ हौसेने बांधला. पायऱ्या २४४. मी त्या चढलो, भाचा खाली आइस्क्रीम खात बसला.

चार जुलैच्या सुमारास इथे टॉम सॉयरची जत्राच असते. मुले फाटक्या विजारी, गवती टोप्या घालून अनवाणी धावतात आणि फळ्यांच्या कुंपणावर सफेती फासण्याची शर्यत लागते. गावातली सातवीतली मुलेमुली निवडून त्यांना वर्षभर टॉम आणि बेकीचा मान देतात. ही प्रथा १९५६ पासून आहे.

गावाबाहेर दोनएक मैलांवर ती गुहा. बाहेर अंगाची लाही होत असताना आत मात्र बारमाही ५२ अंश फॅरनहाइट. सौ.ने शाल घेतली होती म्हणून निभावले! चुनखडीच्या अरुंद वाटा एकमेकींना इतक्या छेदतात, की वाटाड्याचा कंदील वळला की पोटात गोळा येतो. भिंतींवर शेकडो लोकांनी आपापली नावे काढून ठेवली आहेत. ही खोड सार्वत्रिक दिसते. आपल्या किल्ल्यांवर मी ती पाहून चिडतो, इथे मात्र कौतुकाने वाचत होतो. कारण त्या गर्दीत २०१९ साली खुद्द क्लेमेन्सची सही सापडली.

संध्याकाळी परतायचे ठरले होते. पण वाटेत एका लहानशा दगडी घरापाशी मी थांबलो. 'जिम्स जर्नी' असे त्याचे नाव. २०१३ साली सुरू झालेले हे संग्रहालय हॅनिबलच्या काळ्या रहिवाशांचे. जुनी छायाचित्रे, शाळेची, चर्चची, लग्नांची. ती पाहताना दिवसभर पाहिलेले गाव मला पुन्हा पहिल्यापासून पाहावेसे वाटू लागले आणि आम्ही राहिलो.

कारण मिसूरी हे गुलामगिरीचे राज्य होते. त्या पांढऱ्या घरातल्या माणसांनीही जेनी नावाची आपली गुलाम बाई पैशाच्या अडचणीत विकून टाकली. गुलामांना पळून जायला मदत करणारे तिघे पकडले गेले, तेव्हा त्यांना बारा वर्षांच्या शिक्षेला पाठवणाऱ्या ज्यूरीत १८४१ साली सॅमचे वडील होते. घरात सँडी नावाचा एक भाड्याने आणलेला काळा मुलगा होता, दिवसभर गात, ओरडत असे. सॅम वैतागून आईकडे तक्रार घेऊन गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तो गातो तेव्हा निदान त्याला त्याची आई आठवत नसेल, ती त्याला आता कधी दिसायची नाही, अशा अर्थाचे ती बोलली. हे ट्वेनने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

आणि हक फिन? तो ज्याच्यावरून उचलला त्या टॉम ब्लँकनशिपचा बाप दारुडा, घर दरिद्री. त्याच्या थोरल्या भावाला, बेन्सला, १८४७ साली नदीपलीकडच्या बेटावर एक पळालेला गुलाम लपलेला आढळला. पकडून देणाऱ्याला ५० डॉलरांचे बक्षीस होते. खायची भ्रांत असलेल्या बेन्सने वाच्यता न करता कित्येक दिवस त्याला अन्न पोचवले. पुढे लाकूडतोड्यांनी त्या माणसाचा पाठलाग केला आणि तो बुडून मेला. १८८४ सालच्या 'हकलबरी फिन'मध्ये हक जिमला धरून देत नाही, त्याच्या मागे ही नदी आणि हे बेट आहे.

याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. कर्जापायी जगभर व्याख्याने देत फिरणारा ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईला वॉटसन हॉटेलात उतरला होता. काळ्या घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत, जिला पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणू लागले. इथल्या कावळ्यांवर त्याने खुमासदार लिहिले आहे आणि ते आपण हसत वाचतो. पण त्याच ठिकाणी त्याने आणखी एक प्रसंग नोंदला आहे. खोलीची व्यवस्था पाहायला आलेल्या धिप्पाड जर्मनाने काम नीट न जमलेल्या एका देशी नोकराच्या तोंडात भडकावली. नोकराने चकार शब्द न काढता ते सोसले. आणि ट्वेन क्षणात पन्नास वर्षे मागे, आपल्या लहानपणात गेला. गुलामाला काय हवे ते सांगण्याची तिकडची रीत हीच होती, हे त्याला आठवले. वडिलांचे मारणे आठवले. दहा वर्षांचा असताना एका माणसाने केवळ काम वेंधळेपणाने केले म्हणून आपल्या गुलामावर लोखंडाच्या दगडाचा ढेकूळ फेकला होता. तो तासाभरात मेला, तेही आठवले.

हे पुस्तक १८९७ साली निघाले. मी ते बी.ए.च्या वर्षी वाचले होते, आणि मला आठवत होते फक्त कावळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. शहराला आता पुराची भिंत आहे. १९९३ च्या महापुरात पाणी ३१ फुटांच्या वर चढले, तेव्हा नुकत्याच पुऱ्या झालेल्या त्या भिंतीने जुनी पेठ वाचवली. भिंतीच्या दारातून पलीकडे गेलो, की मिसिसिपी. गढूळ, रुंद आणि मुळीच घाई नसलेली. सहलीची बोट धक्क्याला लागली होती. पाणी बारा फूट खोल असल्याची नावाड्यांची आरोळी म्हणजे 'मार्क ट्वेन', हे बोटीवरचा मनुष्य ध्वनिक्षेपकावरून सांगत होता. भाच्याने विचारले, "मामा, काढायची तिकिटे?"

मी त्याला समोरचे बेट कुठले ते विचारायला पाठवले.