वर्ध्याला पुरेल तेवढी गाडी

वर्ध्याच्या नकाशावर बजाज चौकात कंपासचं टोक टेकवा आणि दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. सेवाग्रामचा आश्रम त्यात येतो, कस्तुरबा रुग्णालय येतं, सावंगीचं मेडिकल कॉलेज येतं, टेकडीवरचं हिंदी विश्वविद्यालय येतं आणि धाम नदीकाठचं पवनारही जेमतेम आत बसतं. नोकरी, ट्यूशन, दवाखाना, भाजी, दळण, सगळं या वर्तुळातच उरकतं. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले ते पायीच. आपण तेवढ्याच अंतरासाठी किक मारतो आणि लिटरमागे शंभरावर रुपये मोजतो. मग स्वस्तातली, ताशी पंचवीसच्या आतबाहेर चालणारी बॅटरीची गाडी या गावाला का पुरू नये? पुरते. मात्र घेताना आपण नेमकं काय घेतोय ते कळलं पाहिजे, आणि शोरूममध्ये सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याबद्दलच.

आधी कायद्याचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे मोटार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तसं तपासून दिलं असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरलीच जात नाही. मग पासिंग नाही, नंबर नाही, लायसन्स नाही. त्यावरच्या ताकदीची प्रत्येक गाडी आरटीओकडे जाते आणि तिला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच-32 लागतं. चेतक, आयक्यूब वगैरे या दुसऱ्या जातीच्या. वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या नावाने 1945 साली निघालेली ट्रेडिंग कंपनी म्हणजेच आजची बजाज ऑटो, आणि तिची चेतक 2020 च्या जानेवारीत विजेवर होऊन परतली. पण तिची किंमत ‘स्वस्त’ या सदरात बसत नाही, म्हणून इथे तिला नमस्कार करून पुढे जाऊ.

खरी भानगड या दोन जातींच्या मधल्या गाड्यांची आहे. कागदावर पंचवीस, पण दुकानात एक वायर सुटी केली की चाळीस. “साहेब, लॉक काढून देतो” हे वाक्य गिऱ्हाइकाला गोड लागतं. लॉक निघालं की ती गाडी कायद्याने मोटार वाहन होते, तेही विनानोंदणीचं आणि विनाविम्याचं. कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते. 2022 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढायला लावली होती, ती उगाच नव्हे. आणखी एक. लायसन्स लागत नाही म्हणून आठवी-नववीच्या पोरापोरींच्या हातात ही गाडी देण्याची चाल पडली आहे. कायदा अडवत नसेल, आईबापांनी अडवावं. हेल्मेटची सक्ती नाही, पण डोकं पंचवीसच्या वेगातही फुटतं.

आता मुख्य मुद्दा. स्वस्त ई-स्कूटर घेताना आपण खरं तर बॅटरी घेत असतो. बाकी पत्रा, प्लॅस्टिक आणि दोन चाकं. सीट उचला आणि बॅटरीवरचं लेबल वाचा. समजा त्यावर 60 व्होल्ट, 24 अँपिअर-अवर लिहिलंय. दोन्हींचा गुणाकार 1,440, म्हणजे जवळपास दीड युनिट वीज. लिथियम बॅटरी असेल तर एका माणसाला घेऊन पंचेचाळीसेक किलोमीटर धरायचे. जाहिरातीतले ऐंशी-नव्वद रिकाम्या सपाट रस्त्यावरचे असतात. त्याच लेबलची लेड-ॲसिड असेल तर एवढीही आशा धरू नका, ती पूर्ण उपसत गेलं की लवकर मरते. वजनही कितीतरी जास्त. रेल्वेवरचा उड्डाणपूल डबलसीट आणि पायाशी दळणाचा डबा घेऊन चढताना हे वजन कळतं.

हिशेब करून बघू. रोजचे बारा किलोमीटर, महिन्याचे 360. चार्जरमध्ये वाया जाते ती धरून साधारण 14 युनिट लागतील. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढे दर जवळपास दुपटीने चढतो. आपल्याकडे पंखा आणि कूलरनेच शंभरी गाठलेली असते, तेव्हा ही 14 युनिटं वरच्या टप्प्यातच धरा. सगळे आकार मिळून बारा रुपयांच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे रुपये. याच अंतराला पेट्रोलच्या स्कूटरला आठ लिटर, म्हणजे आठशेवर. महिन्याला साडेसहाशे वाचले, दीड वर्षात साडेअकरा-बारा हजार. आता दुकानदाराला विचारा, लेड-ॲसिडचा नवा संच कितीला? कारण दीड वर्षात तो बदलायची पाळी येऊ शकते. वाचलेली रक्कम तिथेच जिरणार असेल, तर सुरुवातीला स्वस्त मिळालेली गाडी स्वस्त कुठे राहिली? लिथियमला आधी जास्त पैसे मोजावे लागतात, पण वर्ध्यात तरी मी तेच सांगेन.

वर्ध्यात तरी, असं म्हणायचं कारण मे महिना. इथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लेड-ॲसिडबाबत जुना ठोकताळा असा की पंचवीस अंशांपुढे दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. लिथियमच्याही बहुतेक सेलना चार्ज करण्याची वरची मर्यादा 45 अंशांची दिलेली असते. म्हणजे दुपारी दोनला सावंगीहून तापून आलेली गाडी लगेच प्लगला लावली तर आपण मर्यादा ओलांडूनच सुरुवात करतो. सावलीत तासभर थंड होऊ द्या. रात्री झोपताना लावण्यापेक्षा पहाटे लावा, हवा थंड असते आणि घरचं कुणी जागंही असतं. लिथियममध्येही ‘एलएफपी’ रसायनाची बॅटरी उष्णता जास्त सोसते, मिळाली तर तीच मागा. 2022 च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्यात. त्यानंतर नोंदणीच्या गाड्यांच्या बॅटरीचे निकष ‘एआयएस 156’ या मानकातून कडक केले गेले. बिननोंदणीच्या गाडीबाबत मात्र पारख आपल्यालाच करायची आहे. चार्जर कंपनीचाच, सॉकेट पंधरा अँपिअरचं, अर्थिंग तपासलेलं. खिडकीतून सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि जिन्याखाली तर गाडी लावूच नका. आग लागली तर उतरायची वाट तीच असते.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. छोटी चाकं, आणि आपली काळी माती. पांदण रस्त्यावर मडगार्डमध्ये चिखल भरला की अडीचशे वॅटची मोटार हात टेकते. शेतावर जायला ही गाडी नाहीच. नागपूर-तुळजापूर महामार्गावरही नाही. देवळीला जाताना मागून ट्रक ऐंशीने येतो आणि आपण पंचवीसने, हे गणित वाईट आहे. देवळी, सेलू, हिंगणघाटहून रोज ये-जा करणाऱ्याने नंबरपाटीची गाडी घ्यावी, नाहीतर एसटी बरी. केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून सुरू केलेलं ‘पीएम ई-ड्राइव्ह’ अनुदानही नोंदणीच्या गाड्यांसाठीच होतं. स्वस्त गाडीला फायदा आहे तो 5 टक्के जीएसटीचा. पेट्रोल स्कूटरवरचा कर 28 वरून 18 वर आल्यापासून तोही थोडा फिका पडला आहे.

घ्यायला जाल तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागा. बॅटरी, मोटार, कंट्रोलर यांचे क्रमांक पक्क्या बिलावर लिहून घ्या आणि कंट्रोलर गेला तर वर्ध्यातच मिळेल की नागपूरहून येईल ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा. चालवून बघायची ती घरचं माणूस मागे बसवून, उड्डाणपुलावर.

आणि जुना संच भंगारात फुंकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 प्रमाणे तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. लेड-ॲसिडच्या शिशाला तर पैसेही मिळतात. नवा घेताना जुना दुकानात जमा करा आणि तेवढी रक्कम बिलातून कापून घ्या.