आजीची गोष्ट आणि कोतवाल बुक : नगर जिल्ह्यात पूर्वज शोधताना

आजचा विषय तसा घरगुती आहे. पणजोबा-पणजीचा माग कसा काढायचा, हे मी माझ्याच घराच्या उदाहरणावरून सांगणार आहे. थोरामोठ्यांची चरित्रं लिहायला साधनं असतात. आपल्यासारख्यांच्या घरी काय असतं? एखादा जुना सातबारा, लग्नातला एक फोटो आणि आजीनं सांगितलेली एक गोष्ट.

माझ्या घरची गोष्ट अशी होती: ‘पणजोबा दुष्काळात डोंगरावरून खाली आले, खडी फोडली, मिलो खाऊन दिवस काढले आणि राहुरीकडे राहिले. पणजी साथीत गेली.’ बस. पणजीचं नाव? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीला विचारलं की ती पदर पुढे ओढायची आणि म्हणायची, ‘सासूचं नाव घेतात का रं कुठं?’

आता या दोन वाक्यांतून साल कसं काढायचं? दुष्काळ म्हटला तर नगर जिल्ह्याला त्यांची कमी नाही. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला १९७२ चा. मी आधी मिलोच्या मागे लागलो आणि फसलो. मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, ही ७२ ची. आजीनं मला गोष्ट सांगितली तीही ७२ सालीच, पाझर तलावाच्या कामावरून आल्यावर. समोरचा दुष्काळ जुन्या दुष्काळात मिसळला. आजी खोटं बोलत नव्हती, आठवण अशीच चालते. म्हणून गोष्ट कुणी सांगितली याच्याइतकंच ती कधी सांगितली हेही वहीत लिहून ठेवा.

मग उरली खडी. खडी रस्त्याचीही असते. पण माझे एक चुलत चुलते म्हणाले, ‘रस्त्याची नाय, गाडीची. रुळाखालची.’ या एका शब्दानं काम झालं. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या बांधकामावर ७६-७७ च्या दुष्काळातले मजूर लावले होते. ही लाइन श्रीगोंदा, नगर, राहुरी, कोपरगाव या भागातून जाते. म्हणजे पणजोबा तेव्हा अठरा-वीस वर्षांचे धरले, तर आजोबांच्या वयाशी हिशेब जुळतो. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण अंदाज असल्याशिवाय कागद कुठल्या सालातले मागायचे हे कळत नाही.

‘डोंगरावरून’ म्हणजे कुठून? इथे कागदानं नाही, सवयीनं मदत केली. आमच्या घरातून दर पौष पौर्णिमेला कुणीतरी कोरठणच्या खंडोबाला जायचंच. राहुरीपासून ते काही जवळ नाही. देव तिकडचा म्हणजे माणूस पारनेरच्या पठारावरचा, हे धरून चाललो आणि तिथल्या एका गावात आमच्याच आडनावाची भावकी निघाली. घराणी गाव सोडतात, जत्रा सोडत नाहीत.

गावांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. जुन्या कागदांत आजचे तालुके शोधू नका. राहाता तालुका १९९९ चा. श्रीरामपूर हे बेलापूर रोड स्टेशनाभोवती वाढलेलं गाव. आणि अकोले जुन्या कागदांत ‘अकोला’ म्हणून येतं. १८८४ च्या गॅझेटियरमध्येही तसंच आहे. ते वाचून काही जण थेट विदर्भात चौकशी करतात! जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जुनी दप्तरं अहमदनगर याच नावानं लागलेली आहेत.

आता कागद. पहिला सातबारा आणि त्यामागचे फेरफार. माणूस गेला की वारस नोंद होते, त्यावरून मृत्यूचा सुमार कळतो. पण इथे दोन आखूड अक्षरगट नीट वाचा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागलेलं असतं, धाकटे भाऊ कागदावर नसतात म्हणून ते नव्हतेच असं समजू नका. दुसरं ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान असताना बाप गेला तर ‘अ.पा.क. आई’ म्हणून बाईचं नाव येतं. १९५६ च्या वारसा कायद्याआधी बायकांची नावं जमिनीच्या कागदावर यायची ती बहुतेक अशीच, विधवा किंवा पालक म्हणून. आमच्या पणजीला हेही मिळालं नाही, कारण ती नवऱ्याच्या आधी गेली.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. गाव आणि साल सांगावं लागतं, आणि ती बहुधा मोडीत असतात. मोडी येत नसेल तर शिकलेल्या माणसाला सोबत न्या. मी स्वतः सहा महिने शिकलो, तरी आकडेच धड वाचता येतात.

सालासाठी परत आजीकडे. ‘साथ’ म्हणजे १९१८ ची मानमोडी की त्याआधीचा प्लेग? आजीनं ऐकलेल्या गोष्टीत ‘गाव मोकळं करून रानात झोपड्या घातल्या’ असं होतं. ते प्लेगचं. प्लेग मुंबईत १८९६ ला आला आणि मग घाटावर पसरला. त्यापुढच्या वर्षांची बुकं काढली. एका पानावर पणजोबांचं नाव सापडलं, आणि त्यापुढे मोडीत दोनच शब्द: ‘याची बायको’. वय तीस. आजार प्लेग.

मी ते पान बराच वेळ बघत बसलो. सरकारला तिच्या मरणाचं कारण लिहावंसं वाटलं, नाव नाही.

तिसरी जागा नाशिक. तिथल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या. मूळ गाव म्हणजे पारनेरचं, राहुरीचं सांगून काही सापडलं नसतं. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे सातबाऱ्यावर न येणाऱ्या बायका इथे येतात. आमच्या आजोबांनी आईचं पिंडदान केलं होतं. वहीत तिचं नाव होतं. एका नदीचं नाव.

तरीही थांबा. हे नाव सासरचं. लग्नात नाव बदलण्याची रीत होती. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं नगर आणि राहुरीत गेली, त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले. जलालपूरला ‘लक्ष्मी’ शोधली तर ती सापडायची नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला दोन्ही नावं माहीत. माझ्या पणजीचं माहेर मला अजून लागलेलं नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरचं सांगायचं राहिलं. त्यातल्या जन्मतारखांवर फार विसंबू नका. एक जूनला महाराष्ट्रात किती लोक जन्मले, ते तुम्हाला ठाऊक आहे. नावं मात्र बघा. नाशिकहून आल्यावर मी थोरल्या आत्याचा शाळेचा दाखला सहज काढला. आत्याला आम्ही सगळे माई म्हणायचो. आजी म्हणायची, बापू म्हणायचे, सगळं गाव म्हणायचं. दाखल्यावर तेच नदीचं नाव होतं. आजोबांनी मुलीला आपल्या आईचं नाव ठेवलं, आणि आजीला ते उच्चारता येईना म्हणून ती माई झाली.