बॉस नेमका कुठे हरतो?

जादू, तलवारी आणि राक्षसांच्या जगातला रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्याला कधी ना कधी असा एक शत्रू भेटतोच, की त्याच्यापुढे तासन् तास घालवले तरी गाडी पुढे सरकत नाही. गेमच्या बोलीत याला बॉस म्हणतात. घरातल्या बाकीच्यांना एवढंच दिसतं, की मुलगा किंवा मुलगी (हल्ली आईबापसुद्धा) त्याच राक्षसाचा मार पुन्हा पुन्हा खातायत आणि कंट्रोलर आपटतायत. मग निष्कर्ष निघतो, की हा सगळा बोटांच्या चपळाईचा मामला, ज्याची बोटं तरुण तो जिंकणार. गंमत म्हणजे खेळणारेही हाच समज उराशी धरून बसतात, आणि बऱ्याचदा त्यापायीच अडकतात. चपळाई लागते, यात वाद नाही. पण अशा लढाईचा निकाल बहुतेक वेळा तयारीत ठरतो, आणि हरताना तुम्ही काय पाहिलंत यावर ठरतो. चांगल्या गेमची रचनाच तशी केलेली असते.

‘एल्डन रिंग’ घ्या. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा गेम २०२२च्या फेब्रुवारीत आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्यातल्या जगाची पूर्वकथा रचण्यात कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात. त्यात स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा शिंगाळ म्हातारा उभा असतो. जगभरातल्या खेळाडूंची पहिली मोठी दाणादाण यानेच उडवली. गेममध्ये वार चुकवायचा तो कोलांटी मारून, आणि कोलांटीतल्या अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळात तुम्हाला काही लागत नाही. नवखा खेळाडू मार्गिटची काठी वर गेलेली पाहतो आणि घाबरून लगेच कोलांटी मारतो. मार्गिट मात्र काठी तशीच वर धरून ठेवतो. कोलांटी संपते, खेळाडू उठून उभा राहतो आणि मग काठी खाली येते. क्रिकेटमध्ये स्लोअर बॉलवर फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो, तसलाच हा प्रकार. थकून दूर जावं आणि औषधाची बाटली तोंडाला लावावी, तर हा पठ्ठ्या लांबून चकाकता सुरा फेकून मारतो. म्हणजे इथे ज्याची बोटं जास्त वेगवान, तोच आधी मरतो. काठी वर जाताना थांबायचं आणि खाली येऊ लागली की हलायचं, एवढं कळायला चार-दोनदा मरावं लागतं. पण ते मरण फुकट जात नाही, कारण मार्गिट दर वेळी तेच डाव टाकतो. त्याच्याकडे ठरावीक चाली आहेत आणि प्रत्येकीची सुरुवात डोळ्यांना दिसते.

हा झाला रिंगणातला भाग. रिंगणाबाहेरचा भाग याहून मोठा आहे आणि लोक तोच विसरतात. कथेचा रस्ता दाखवणारे प्रकाशाचे झोत सुरुवातीलाच तुम्हाला या किल्ल्याकडे नेतात, पण तिकडेच गेलं पाहिजे अशी सक्ती कोणी केलेली नाही. दक्षिणेला अख्खा द्वीपकल्प मोकळा पडलेला आहे. तिथे फिरलं तर हत्याराला धार लावायचे दगड मिळतात, औषधाच्या बाटल्या वाढवणारी सोनेरी बीजं मिळतात. या बाटल्या सुरुवातीला फक्त ४ असतात आणि शेवटी १४ पर्यंत जातात. नवखे खेळाडू कमावलेले सगळे गुण ताकदीत ओततात आणि ‘व्हिगर’, म्हणजे जिवाची पातळी, तशीच ठेवतात. मग दोन फटक्यांत खेळ खल्लास. जड चिलखत घातलं आणि अंगावरचं ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं, की कोलांटी सुस्तावते. त्याचा दोष मात्र बोटांना दिला जातो. एका गुहेत पॅचेस नावाचा बिलंदर माणूस ५,००० रून (गेममधलं चलन) घेऊन एक बेडी विकतो. ती वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला खिळून राहतो. एवढं सगळं आजूबाजूला पेरून ठेवणारा गेम तुम्हाला दारात अडवतो तेव्हा बहुधा त्याचं म्हणणं इतकंच असतं, की आधी जरा फिरून या.

यावर पहिला आक्षेप असा, की मग यात कौशल्य ते काय राहिलं? आकडे वाढवत बसायचं, पुरेसे वाढले की कोणीही जिंकेल. काही जुन्या गेमबाबत हे खरंही होतं. पण आकड्यांचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच. याच गेममधली मलेनिया ही तलवारबाज तुमच्यावर वार करते तेव्हा तिची स्वतःची जखम भरून येते, वार तुम्ही ढालीवर घेतलात तरी. म्हणजे जाड ढालीआड दबून राहण्याची तयारी इथे उलट तिच्याच पथ्यावर पडते. लागतो तो तयारीचा योग्य प्रकार, आणि तो तिच्याकडे नीट पाहिल्यावाचून सुचत नाही.

बोटांचा संबंधच नसलेल्या गेममध्ये हे आणखी स्पष्ट होतं. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पाळीपाळीने खेळायचा आहे. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. त्यात जमिनीखालच्या एका प्राचीन भट्टीत ग्रिम नावाचा धातूचा महाकाय रखवालदार आहे. थंड असताना त्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही. झडप उघडून लाव्हा सोडायचा, तो लाव्ह्यातून चालत आला की तापतो, आणि मगच त्याला इजा होते. पण भट्टीच्या मधोमध एक अजस्र घण टांगलेला आहे. तापलेल्या ग्रिमला त्याच्याखाली आणून कळ दाबली, की तलवारीने जे सहज जमत नाही ते घणाच्या दणक्याने होतं. घण पहिल्यापासून समोरच असतो. तरी कित्येक जण त्याच्याकडे न बघता ग्रिमवर तलवारी घासत बसतात.

दुसरा आक्षेप हौशी कट्टर मंडळींचा. ‘एल्डन रिंग’मध्ये घंटा वाजवून मदतीला आत्मे बोलावता येतात, दुसऱ्या खेळाडूंनाही हाक मारता येते. अशी मदत घेतली तर तो विजय खरा नाही, असं ही मंडळी छातीठोकपणे सांगतात. गेम बनवणाऱ्यांनीच जी घंटा हातात दिली ती वाजवणं लबाडी कशी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याला दृष्टिदोष आहे, किंवा ज्याला दिवसभराच्या नोकरीनंतर जेमतेम अर्धा तास मिळतो, त्याने काय करायचं? मियाझाकी यांनी सोप्या पातळीचा पर्याय आपल्या गेममध्ये दिलेला नाही. ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेमने मात्र वेग कमी करण्याची सोय दिली, आणि त्याने त्या गेमची किंमत तसूभरही कमी झाली नाही. अशी सोय असावी, असं माझं मत आहे. हातांना जमत नाही म्हणून डोक्याला परीक्षेलाच बसू द्यायचं नाही, हे माझ्याच युक्तिवादाच्या विरुद्ध जाईल. फक्त सोय देताना काय सैल करायचं ते नीट ठरवावं लागतं. वेळ वाढवून द्यावा, शत्रूच्या चाली ओळखण्याचं काम खेळाडूकडेच राहू द्यावं.

बनवणारेही हाच फरक करतात, याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. ‘एल्डन रिंग’ची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही पुरवणी जूनमध्ये आली आणि फार अवघड आहे अशी ओरड झाली. त्यात बळ वाढवण्यासाठी नकाशाभर विखुरलेले तुकडे शोधायचे असतात. पुष्कळ जण ते न शोधताच बॉसवर धावून जात होते. कंपनीने काही दिवसांतच बदल केला, तो असा, की पहिल्या तुकड्यांपासून मिळणारं बळ वाढवलं. शोधाल तर फायदा, हा नियम तसाच राहिला. शेवटच्या बॉसची गोष्ट निराळी होती. त्याच्या हल्ल्यांतल्या लखलखाटात पुढचा वार दिसतच नाही, ही तक्रार रास्त होती. सप्टेंबरमध्ये त्याचे काही वार सौम्य केले गेले आणि काही हल्ल्यांचा झगमगाट कमी करून ते नीट दिसतील असं केलं गेलं.