विमान बनताना तपासणारा माणूस

५ जानेवारी २०२४. अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७-९ पोर्टलंडहून उडालं आणि हवेतच बंद दाराचं पॅनल निखळून पडलं. कारण? ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात परत बसवलेच नव्हते!

तर असे कारखाने तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर कोण होतात? अमेरिकेत ते एफएएचे, म्हणजे तिथल्या सरकारच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे असतात. मला वाटायचं, एरोनॉटिकलची डिग्री हवीच. तसं नाही. किमान शिक्षण बारावीच्या तोडीचं. मात्र विमान, इंजिन किंवा प्रोपेलर बनवणाऱ्या ठिकाणी क्वालिटी कंट्रोलचा दांडगा अनुभव लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. पायलटचं लायसन्स कारखाने तपासणाऱ्या या शाखेला लागत नाही. गाडीचं मात्र लागतं, कारण कारखान्या-कारखान्यांत हिंडायचं असतं.

तिकडच्या आपल्या मंडळींनो, ग्रीन कार्डावर भागत नाही, नागरिकत्वच हवं.

बाकी, या कामाला नजर कशी हवी म्हणाल तर घट्ट केलेल्या नटावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात, नटावरून खालच्या भागापर्यंत. नट जरा जरी फिरला की रेघ तुटते. आता ही रेघ मला सगळीकडे दिसते, अगदी एसटीच्या चाकावरही शोधतो!