कथील, तांबे आणि गेम बॉयची स्मृती

१९९६ सालच्या फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’चे तांबडा आणि हिरवा हे पहिले दोन खेळ गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी जपानात विक्रीस आले. खेळणाऱ्याने आठवडेच्या आठवडे खपून जमविलेल्या प्राण्यांची, त्यांना दिलेल्या नावांची आणि त्यांच्या पराक्रमांची नोंद यंत्र बंद केल्यावरही शाबूत राहावी, म्हणून खेळांच्या निर्मात्यांनी प्रत्येक कॅसेटच्या पोटात एका रुपयाच्या नाण्याएवढी लिथियमची बॅटरी बसविण्याची तजवीज केली होती. खेळाचा मूळ संहितेचा भाग ज्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असे, तिला या बॅटरीची गरज नव्हती. परंतु खेळणाऱ्याची स्वतःची प्रगती ३२ किलोबाइटांच्या ज्या दुसऱ्या चिपमध्ये लिहिली जाई, ती ‘स्टॅटिक रॅम’ या जातीची असल्यामुळे विजेचा आधार तुटताच तिच्यातील सारे दप्तर कोरे होत असे. असा आधार देण्यास लागणारी वीज अत्यंत थोडी असते. २० मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या, म्हणूनच सीआर २०२५ असे नाव मिळालेल्या बॅटरीत सुमारे १६० मिलिअँपियर-तास इतका साठा असतो. तिच्यातून एकच मायक्रोअँपियर प्रवाह सतत वाहिला, तर हिशेबाने तो साठा १,६०,००० तास, म्हणजे अठरा वर्षांहून अधिक काळ पुरावा. १९९९ सालच्या सोनेरी आणि रुपेरी आवृत्त्यांत दिवस आणि रात्र खरोखरीच्या वेळेनुसार पालटावी म्हणून सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक आणि त्यावर चालणारे घड्याळ यांचाही भार याच बॅटरीवर पडला. त्यामुळे त्या कॅसेटांची स्मृती आपल्या वडील भावंडांच्या आधीच लोपू लागली.

आज या बहुतेक बॅटऱ्यांची मुदत भरली आहे, किंवा भरत आली आहे. घड्याळाची बॅटरी बदलतो तितक्या सहजतेने त्या बदलता येत नाहीत, याचे कारण असे की त्या खाचेत बसविलेल्या नसून निकेलच्या पातळ पट्ट्यांच्या साहाय्याने सर्किट बोर्डावर डाख देऊन पक्क्या केलेल्या आहेत. घरच्या टेबलावर बसून सोल्डरिंग शिकू इच्छिणाऱ्या माणसास याहून योग्य असे पहिले काम मला तरी ठाऊक नाही. कारण येथे सांधे दोनच आहेत, ते नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे आहेत, आणि ते नीट साधले तर लाभणारे फळ, म्हणजे बालपणीच्या एका खेळाला पुन्हा मिळालेली स्मृती, श्रमांच्या मानाने फार मोठे आहे.

सांधे इतके मोठे का, याचेही उत्तर त्या यंत्राच्या इतिहासात आहे. गेम बॉय १९८९ सालच्या एप्रिलात बाजारात आले, तेव्हा त्याच्या निर्मितीची धुरा गुनपेई योकोई या निन्टेन्डोतील अभियंत्याकडे होती. अगदी नवे आणि महागडे तंत्र हाती घेण्यापेक्षा जे जुने होऊन मुरलेले, स्वस्त झालेले आणि ज्याचे सारे गुणदोष ठाऊक झालेले आहेत अशा तंत्राचा अनपेक्षित उपयोग शोधावा, हे योकोई यांचे प्रसिद्ध सूत्र होते. आणि १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, चारच छटांचा, प्रकाश नसलेला पडदा हे त्या सूत्राचेच अपत्य होते. समकालीन प्रतिस्पर्धी यंत्रांचे रंगीत, प्रकाशित पडदे पाहून अनेकांना हा करडा ठोकळा दरिद्री वाटला असेल, परंतु चार पेन्सिल सेलांवर तो कितीतरी तास चालत असे, आणि त्याच्या अंतरंगाची मांडणी आजच्या मोबाइलच्या तुलनेने इतकी मोकळी आहे की शिकाऊ माणसाचा हात तेथे सहज फिरू शकतो. दुरुस्तीस अनुकूल असणे हा यंत्राचा मोठा गुण आहे असे मी मानतो, आणि योकोई यांच्या काटकसरीने तो गुण या यंत्राला आपोआप मिळवून दिला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सोल्डरिंग करू लागलेल्या नवशिक्याच्या जवळजवळ साऱ्या चुका एकाच गैरसमजातून उद्भवतात. तो असा की, डाख हा एक प्रकारचा धातूचा डिंक असून तो वितळवून दोन वस्तूंवर थापला, म्हणजे थंड झाल्यावर त्या एकमेकींना चिकटतात. प्रत्यक्षात जे घडते ते चिकटणे नव्हे. वितळलेल्या डाखातील कथील तप्त तांब्याला भिडले, की त्या दोहोंच्या सीमेवर रासायनिक संयोग होऊन एक नवाच पदार्थ जन्मास येतो. त्याच्या प्रत्येक घटकात तांब्याचे सहा आणि कथिलाचे पाच अणू असतात, आणि त्याच्या खाली तांब्याच्या बाजूस, तीन अणू तांबे व एक अणू कथील असा आणखी एक पातळ थर हळूहळू तयार होतो. काही मायक्रोमीटर जाडीची ही सीमारेषा हाच खरा सांधा होय. वरचा चकाकणारा डाखाचा गोलवा हा केवळ तिचा सोबती. ती रेषा मुळीच न बनली तर सांधा नाही, आणि उष्णता फार वेळ देऊन तिला अवास्तव जाड होऊ दिले तर हा संयुग-पदार्थ मुळातच ठिसूळ असल्यामुळे सांधा भंगुर होतो. शिसे या विवाहात भाग घेत नाही; तांब्याशी त्याचे सख्य नाही. त्याचे काम मिश्रणाचा द्रवणांक खाली आणण्याचे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते, परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले असता ते मिश्रण दोहोंपेक्षाही खाली, १८३ अंशांनाच, एकदम द्रव होते आणि निवताना तितक्याच तडकाफडकी घन होते. बाजारात सर्रास मिळणारे ६० आणि ४० या प्रमाणातले मिश्रण मात्र घन होण्यापूर्वी काही अंशांच्या अंतरात रबडीसारख्या अवस्थेतून जाते, आणि त्या क्षणी हात हलला तर सांधा आतून भेगाळतो. म्हणून नवशिक्याने चार पैसे अधिक देऊन पहिले मिश्रण घ्यावे हे उत्तम.

तथापि कथील आणि तांबे यांची गाठ पडण्याच्या आड एक पडदा असतो. हवेच्या संपर्कात तांब्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर चढतो, तापविल्यावर तो अधिकच त्वरेने वाढतो, आणि वितळलेला डाख या थरावर पसरत नाही. पृष्ठताणामुळे तो आकसून गोळीच्या रूपात अलग राहतो. हा पडदा दूर करण्यासाठी जो पदार्थ योजतात त्यास फ्लक्स म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा पारंपरिक फ्लक्स म्हणजे चीडवृक्षापासून मिळणारी राळ. राळेतील अबिएटिक आम्ल थंड असताना निरुपद्रवी असते. तापले की ते ऑक्साइडला विरघळवून उघडे तांबे कथिलाच्या हवाली करते, आणि निवल्यावर पुन्हा निष्क्रिय, वीज न वाहणाऱ्या कवचाच्या रूपाने बोर्डावर थिजून राहते. हाच रसायनाचा व्यवहार महाराष्ट्रातील पेठापेठांतून हिंडणारे कल्हईवाले पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत: तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकताच धुराचा लोट उठतो, तांब्यापितळेवरील मळ नाहीसा होतो, आणि कापसाच्या बोळ्याने फिरविलेले कथील आरशासारखे पसरते. परंतु नवसागर, किंवा नळकामाची आम्लयुक्त पेस्ट, सर्किट बोर्डाजवळ कदापि आणू नये. त्यातील क्लोराइडचे अवशेष मागे राहून ओल धरतात आणि केसाएवढ्या तांब्याच्या रेषा महिन्यामहिन्यांनी कुरतडत जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सोल्डर वायर मागताना पोटात राळेचा फ्लक्स असलेली तार हवी, असे स्पष्ट सांगावे.

हे तत्त्व एकदा मनात ठसले, की हाताचे नियम त्यातून आपोआप निघतात. संयोग तप्त तांब्याशी व्हावयाचा असेल, तर उष्णता तांब्याला दिली पाहिजे, तारेला नव्हे. म्हणून सोल्डरिंग आयर्नची बिट बोर्डावरील तांब्याच्या ठिकाणाला आणि बॅटरीच्या पट्टीला एकाच वेळी टेकवावी, एक-दोन सेकंद थांबावे, आणि मग तार बिटेला न लावता तापलेल्या त्या धातूंना लावावी. ते पुरेसे तापले असतील तर तार आपणहून वितळून त्यांवर पसरेल. नवशिक्या नेमके उलट करतो: बिटेवर डाखाचा थेंब घेतो आणि तो वाहून नेऊन सांध्यावर ठेवतो. वाटेतच त्यातील राळ जळून जाते, खालचे तांबे थंडच राहते, आणि दिसायला सांधा परंतु गुणाने पोकळ अशी वस्तू तयार होते, जी एखाद्या दिवशी बोटाच्या दाबाने सुटते. चांगल्या सांध्यात डाखाची कड धातूला सपाट होत भिडलेली आणि उतार अंतर्वक्र असतो. गोळीसारखा फुगलेला, कडेला आत वळलेला डाख ही तो तांब्यावर पसरलाच नसल्याची खूण समजावी.

बिटेचे टोक सुईसारखे अणकुचीदार घेण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण काम बारीक आहे. तो आवरावा. सुईच्या टोकाचा धातूशी स्पर्श अत्यल्प असल्यामुळे उष्णता पोचत नाही, आणि ती पोचावी म्हणून माणूस तापमान वाढवितो. याउलट छिन्नीसारखी चपटी बिट ३२० ते ३५० अंशांवर दोन-तीन सेकंदांत काम संपविते. कॅसेटमधील बॅटरीचा ऋण ध्रुव ज्या तांब्याला जोडलेला असतो ते पसरट असून उष्णता भराभर ओढून घेते, म्हणून तेथे थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. परंतु बोर्डावरील तांबे सामान्यतः ३५ मायक्रोमीटर जाडीचे, रेझिनने चिकटविलेले असते आणि अतिरिक्त तापाने ते उखडून निघते, याचे भान सुटू देऊ नये. बिटेच्या गाभ्यातील तांबे कथिलात विरघळते, म्हणून तिच्यावर लोखंडाचा मुलामा दिलेला असतो. कानशीने घासून बिट स्वच्छ करणे म्हणजे तो मुलामा नष्ट करणे होय. ओला स्पंज किंवा पितळेचा कीस पुरेसा आहे, आणि काम संपताना बिटेवर ताज्या डाखाचा थर ठेवून मगच आयर्न बंद करावे.

प्रत्यक्ष कामात, कॅसेट उघडण्यापूर्वी खबरदारीची एक गोष्ट आवश्यक आहे. जुनी बॅटरी अद्याप जिवंत असेल, तर ती काढताच नोंदी जातील. त्या हव्या असतील तर कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने त्यांची प्रत संगणकावर आधी उतरवून घ्यावी. यंत्र चालू ठेवूनच बॅटरी बदलण्याची जी युक्ती काही जण सांगतात, ती शिकाऊ हाताने करू नये; तेथे एक चुकीचा स्पर्श सारे काही बुडवू शकतो. कॅसेटचा स्क्रू नेहमीच्या पेचकसाला दाद देत नाही, त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा विशेष पाना लागतो. आतील जुन्या डाखावर प्रथम थोडा नवा डाख आणि फ्लक्स द्यावा, कारण जुनाट, ऑक्साइड चढलेला डाख ताज्यात मिसळला की सहज वाहू लागतो. मग पट्टी हलकेच उचलावी आणि उरलेला डाख तांब्याच्या विणलेल्या फितीने, केशाकर्षणाच्या बळावर, टिपून घ्यावा. नवी बॅटरी आधीपासून पट्ट्या जोडलेलीच घ्यावी. साध्या बॅटरीला थेट डाख देऊ पाहणे हे निव्वळ धाडस होय: लिथियम १८०.५ अंशांना वितळते, म्हणजे डाख वितळण्याच्या किंचित आधीच, आणि तीनशे अंशांचे टोक तिच्या पाठीवर दाबून धरले असता ती फुगण्याचा किंवा फुटण्याचा संभव असतो. कारखान्यात त्या पट्ट्या क्षणार्धाच्या विद्युत्प्रवाहाने वेल्ड करतात, ते याचसाठी. धन आणि ऋण बाजू बोर्डावर छापलेल्या खुणांशी ताडून पाहाव्यात, आणि सांधे झाल्यावर मल्टिमीटरने तीन व्होल्ट किंवा त्याहून किंचित अधिक दाब मिळतो की नाही याची खात्री करावी.

शिशाविषयी वाचकांच्या मनात शंका असेल, आणि ती रास्त आहे. या तापमानास शिशाची वाफ नगण्य असते; त्याचा धोका बोटांवरून तोंडात जाण्याचा आहे, म्हणून टेबलाजवळ खाणे-पिणे वर्ज्य करून काम संपताच साबणाने हात धुवावेत, आणि घरात लहान मुले असतील तर ते टेबल त्यांच्यापासून दूर असावे. उठणारा धूर शिशाचा नसून राळेचा असतो, परंतु तोही निरुपद्रवी नव्हे; सतत हुंगल्याने दमा जडतो हे कामगारांच्या अनुभवातून सिद्ध झालेले आहे, तेव्हा पंखा किंवा उघडी खिडकी हवीच. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक नव्या विद्युत उपकरणांतून शिशाला हद्दपार केले आणि कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण रूढ झाले. ते मात्र २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि कमी सहजतेने पसरते. जुन्या गेम बॉयमध्ये बहुधा शिशाचाच डाख असल्याने तेथे शिसेयुक्त तारेने काम करणे सोपे जाते.

या दोन सांध्यांनंतर पुढची पायरी कोणती, असे विचारले तर गेम बॉयच्या पडद्यावरील गायब झालेल्या उभ्या रेषांकडे शिकाऊ माणसाचे लक्ष हटकून जाते, कारण पडद्याच्या खालच्या कडेवरून आयर्न हळूच फिरविताच त्या परत येतात अशी त्या दुरुस्तीची ख्याती आहे. ती खरी आहे. परंतु तेथे डाख नाही, तर उष्णतेने चिकटविलेली वीजवाहक फीत आहे, आणि सोल्डरिंगचे ज्ञान त्या कामात फारसे उपयोगी पडत नाही. मी त्याऐवजी सेगा कंपनीच्या १९९० सालच्या गेम गिअरची शिफारस करीन. त्याच्या बोर्डावरील विद्युत्-अपघटनी कपॅसिटरांतून कालांतराने द्रव पाझरतो, तो तांब्यावर पसरून ते गंजवितो, आवाज क्षीण होतो, पडदा फिकट पडतो. हे सारे कपॅसिटर काढून, पाझरलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, काळवंडलेल्या तांब्यावर फ्लक्स देऊन ते पुन्हा उजळ करावे लागते आणि मग नव्या कपॅसिटरांचे डझनांवारी सांधे करावे लागतात. गंजलेल्या तांब्यावर डाख पसरण्याचे नाकारतो तेव्हा तापमान वाढविण्याऐवजी आयर्न खाली ठेवून पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ करावयास जो घेतो, त्याच्या हाती ते यंत्र द्यावयास हरकत नाही.